जॉन विल्सन : धर्मोपदेशक ते कुलगुरू

रेव्ह. डॉ. जॉन विल्सन (११ डिसेंबर १८०४ – १ डिसेंबर १८७५) : स्कॉटिश मिशनरी, प्राच्यविद्या पंडित, मुंबईतील विल्सन कॉलेजचे संस्थापक व मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू. त्यांचा जन्म स्कॉटलंडमधील लॉडर या गावी झाला. एडिंबरो विद्यापीठात शिक्षण पूर्ण करून १८२८ मध्ये त्यांनी धर्मोपदेशकाची दीक्षा घेतली आणि फेब्रुवारी १८२९ मध्ये पत्नी मार्गारेट यांच्यासह ते मुंबईत आले. प्रारंभी कोकणात राहून त्यांनी मराठीचा अभ्यास केला. मार्गारेट यांनी अल्पावधीतच मुलींसाठी शाळा काढल्या. जोतीराव फुले यांच्या पुण्यातील शाळेच्या सुमारे दोन दशके आधीचे हे कार्य होय. १८३५ मध्ये त्यांचे निधन झाले.

विल्सन यांनी १८३२ मध्ये सुरू केलेल्या शाळेतूनच पुढे विल्सन कॉलेज उभे राहिले. कुवेत व बसऱ्याची गलबते खजूर, मोती आणि घोडे घेऊन ज्या मुंबईत येत, त्या बहुभाषी शहराच्या शाळेत पारशी, ज्यू, हिंदू यांच्यासोबत आफ्रिकेतील मुलेही शिकली. डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांनी आपल्यासोबतची दोन आफ्रिकी मुले विल्सन यांच्याकडेच सोपविली होती.

शिक्षण व धर्मांतर यांची सांगड मात्र वादग्रस्त ठरली. १८३९ मध्ये धनजीभाई नौरोजी आदी पारशी विद्यार्थ्यांनी बाप्तिस्मा घेताच प्रकरण न्यायालयात गेले आणि अनेक पालकांनी मुले शाळेतून काढून घेतली. १८४३ मध्ये याच मिशनच्या सहवासातील श्रीपत शेषाद्री या ब्राह्मण मुलाला न्यायालयाने पालकांच्या स्वाधीन केले. त्याला पुन्हा जातीत घेण्यासाठी बाळशास्त्री जांभेकर यांनी सनातन्यांचा रोष पत्करला. ज्या शाळांनी नवी विद्या दिली, त्याच शाळांविषयी समाजाच्या मनात दीर्घकाळ धास्तीही राहिली.

विद्याक्षेत्रात मात्र विल्सन यांचा अधिकार सर्वमान्य होता. गिरनार येथील अशोकाच्या शिलालेखाच्या त्यांनी पाठविलेल्या प्रती जेम्स प्रिन्सेप यांना वाचनकार्यात उपयोगी पडल्या. पारशी धर्मावर १८४३ मध्ये त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. पश्चिम भारतातील लेण्यांवरही त्यांनी लेखन केले. मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत मराठी भाषेची घडण व प्रसार यांवरील त्यांचे टिपण आहे.

१८५७ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाचे कुलगुरूपद सुरुवातीस बहुतांशी न्यायाधीश व सरकारी अधिकारी यांच्याकडे असे. १८६८ मध्ये ते विल्सन यांच्याकडे आले. त्यांच्या कार्यकाळातच, मार्च १८६९ मध्ये, प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून उभारावयाच्या राजाबाई टॉवरची पायाभरणी झाली. १८७० मध्ये स्कॉटलंडच्या फ्री चर्चच्या सर्वसाधारण सभेचे अध्यक्षपद त्यांना लाभले. त्यानंतर ते मुंबईस परतले व तेथेच निवर्तले. जातिसंस्थेवरील त्यांचा अपूर्ण ग्रंथ १८७७ मध्ये प्रसिद्ध झाला. गिरगाव चौपाटीसमोरील विल्सन कॉलेजची १८८९ ची वास्तू आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते.