इंदूरची पत

इंदूरला जाणारा प्रवासी लालबाग पाहिल्यावाचून सहसा परतत नाही. खान नदीच्या काठी उभा असलेला हा होळकरांचा राजवाडा बांधावयास १८८६ साली, दुसऱ्या तुकोजीरावांच्या अखेरच्या दिवसांत, प्रारंभ झाला आणि १९२१ च्या सुमारास, तिसऱ्या तुकोजीरावांच्या कारकिर्दीत, तो पुरा झाला. त्याचे भव्य लोखंडी दरवाजे लंडनच्या बकिंगहॅम राजवाड्याच्या धर्तीवर इंग्लंडात ओतवून आणलेले आहेत. नृत्यगृहाची लाकडी जमीन पावलाखाली किंचित लवावी अशी बसविलेली आहे. मुदपाकखाना नदीच्या पलीकडे असून तेथून भुयारी वाटेने ताटे वाड्यात येत असत. हे सारे पाहून मनुष्य थक्क होतो आणि मग त्याच्या मनात साहजिकच एक प्रश्न उभा राहतो. एवढा पैसा आला कोठून?

शेतसारा, अफू आणि कापूस, असे उत्तर इतिहासाचा कोणताही विद्यार्थी देईल आणि ते खोटे नाही. परंतु माळव्याची काळी माती उज्जैनच्या वाट्यालाही आली होती आणि मंदसोर-रतलामच्याही. शिवाय उज्जैन हे तर प्राचीन काळापासूनचे नामांकित व्यापारी नगर. १८१८ मध्ये मंदसोरचा तह झाला आणि होळकरांची राजधानी इंदूरला आली, हे इंदूरच्या भरभराटीचे एक कारण खरेच. पण राजधानी आली म्हणजे तिच्यामागोमाग बाजार येतोच असे नाही. बाजार भरण्यास माल लागतो, पैसा लागतो, आणि त्याहूनही अधिक लागते ती पत.

हा ‘पत’ शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. पेढीवर उधार मिळण्याची पात्रता म्हणजे पत आणि चार माणसांत असलेली अब्रू म्हणजेही पतच. आपल्या पूर्वजांना या दोन गोष्टी निराळ्या वाटल्या नाहीत, म्हणून त्यांनी त्यांना दोन शब्द दिले नाहीत. इंदूरचा आर्थिक इतिहास हा या एका शब्दाचा इतिहास आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

त्याचा आरंभ अहिल्याबाईंच्या काळात, म्हणजे १७६७ ते १७९५ च्या दरम्यान सापडतो. त्यांची राजधानी महेश्वरास होती आणि इंदूर तेव्हा नुकते कोठे वाढू लागले होते. देवीचंद नावाचा एक धनाढ्य सावकार तेथे निपुत्रिक वारला. सेनापती तुकोजी होळकरांचा तळ त्या वेळी इंदूरजवळ पडला होता. फौजेला पैसा नेहमीच हवा असतो. काही हितसंबंधी माणसांच्या सल्ल्याने तुकोजींनी त्या संपत्तीत वाटा मागितला. देवीचंदाची विधवा तडक महेश्वरास गेली. अहिल्याबाईंनी तिची कैफियत ऐकली, तिला मानाची वस्त्रे देऊन पतीच्या मालमत्तेची एकमेव धनीण म्हणून मान्यता दिली आणि तुकोजींना आज्ञा पाठविली की, तळ इंदूरपासून दूर हलवावा व शहरास अन्यायाच्या मागणीने त्रास देऊ नये. तुकोजींनी ती तत्काळ पाळली. सर जॉन माल्कम यांनी १८२३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात ही हकीकत नमूद केली आहे.

या निवाड्यात दया होती. पण नुसती दया नव्हती. ज्या गावी सावकाराच्या मृत्यूनंतर त्याची विधवा सुरक्षित राहते, त्या गावी दुसरा सावकार निर्धास्तपणे पेढी घालतो. अर्थशास्त्राच्या ग्रंथात ज्याला मालमत्तेची सुरक्षितता म्हणतात, ती इंदूरला एका विधवेने दुसऱ्या विधवेकडे मागितलेल्या दादीतून लाभली.

पुढे मारवाडी, गुजराती, बोहरा असे नाना तऱ्हांचे व्यापारी येथे आले. सरकार मराठी आणि बाजार परप्रांतीय अशी विभागणी झाली. दप्तरातले कागद मोडीत लिहिले जात, तर पेढीवरच्या वह्या महाजनी लिपीत. एकाचे लिखाण दुसऱ्याला वाचता येत नसे. तरीही व्यवहार अडला नाही, कारण तो केवळ कागदावर चालत नव्हता. हुंडीचेच उदाहरण पाहा. ‘शाहजोग’ नावाची एक हुंडी असे. तिचे पैसे कोणाही हुंडीवाल्याला द्यावयाचे नसत, तर बाजारात ज्याला ‘शाह’ म्हणून मान आहे अशा प्रतिष्ठित मनुष्यालाच द्यावयाचे असत. म्हणजे कागदाची किंमत तो हाती धरणाऱ्याच्या अब्रूवर अवलंबून! ब्रिटिश हिंदुस्थानात १८८१ साली हुंड्यांसारख्या दस्तऐवजांसंबंधी कायदा झाला, तेव्हा देशी भाषांतील कागदांविषयीचे स्थानिक रिवाज त्यालाही अबाधित ठेवावे लागले.

व्यापाऱ्यांचे आपसांतील तंटे आणि दिवाळखोरीची प्रकरणे निकालात काढण्यास इंदूरला ‘अकरा पंच’ होते. पंचांचा निकाल न मानणाऱ्यास तुरुंगापेक्षा मोठी शिक्षा होती. दुसऱ्या दिवशी त्याची हुंडी कोणी स्वीकारीत नसे आणि त्याच्या मुलाशी सोयरीक करण्यासही कोणी धजत नसे.

अफूचा व्यापार याच पायावर उभा होता. १८३० नंतर माळव्याची अफू इंदूरला तोलून, इंग्रज सरकारची जकात भरून, मुंबईमार्गे चीनला रवाना होऊ लागली. मुंबईचा व्यापारी इंदूरच्या पेढीला, पेढी खेड्यातल्या सावकाराला आणि सावकार पीक निघण्यापूर्वीच शेतकऱ्याला पैसा देत असे. चीनमधला भाव कळावयास आठवडेच्या आठवडे लागत. एवढा धोका परक्याच्या भरवशावर कोण पत्करणार? म्हणून मुंबईत मेहुणा, उज्जैनला चुलतभाऊ, कसब्यात जातभाई मुनीम, अशी साखळी बांधली जाई. दुसरे तुकोजीराव तर राजे असून स्वतःच सावकार बनले. खांडवा-इंदूर लोहमार्गासाठी त्यांनी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ दिले; व्याज साडेचार टक्के, मुदत १०१ वर्षांची. आहेराच्या पाकिटात शंभरावर एक रुपया घालणाऱ्या आपल्या लोकांना हा आकडा परका वाटणार नाही.

येथवरची कथा ऐकून कोणास वाटेल की, पूर्वीचा बाजार म्हणजे विश्वासाचे नंदनवन होते. तसे समजणे भाबडेपणाचे ठरेल. धनंजयराव गाडगीळांनी १९५९ साली भारतातील आधुनिक व्यापारी वर्गाच्या उगमाविषयी जो ग्रंथ लिहिला, त्यात त्या वर्गाचा विचार जातिजमातींच्या आणि प्रांतांच्या अनुषंगाने करावा लागला, यातच सारे आले. जी नाती आतल्या माणसाला कर्ज मिळवून देत, तीच बाहेरच्याला दार बंद करीत. अफू पिकविणारा शेतकरी त्या साखळीचा शेवटचा दुवा होता. त्याला उचल मिळे, परंतु भाव ठरविण्यात त्याचा शब्द नसे. पेढीची पत पिढ्यान् पिढ्या चाले आणि त्याचे कर्जही पिढ्यान् पिढ्या चाले.

मग नाती आणि संस्कृती यांचे वर्तुळ रुंद करता येते काय? इंदूरच्याच इतिहासात याचे एक सुंदर उदाहरण आहे. प्रसिद्ध नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांना होळकर दरबाराने पाचारण केले होते. त्यांचा अहवाल १९१८ साली प्रसिद्ध झाला. शहरात प्लेगचा उपद्रव होता. घरे स्वच्छ करा असे हुकूम काढून भागण्यासारखे नव्हते. गेडिस यांनी दिवाळीच्या मिरवणुकीचा आधार घेतला. मिरवणूक ठरीव रस्त्याने न जाता ज्या रस्त्यावरची घरे सर्वांत स्वच्छ व नीटनेटकी असतील त्या रस्त्याने जाईल, असे जाहीर झाले. मग काय विचारता! मोहल्ल्यामोहल्ल्यांत चुरस लागली, कचऱ्याच्या गाड्याच्या गाड्या बाहेर पडल्या, भिंतींना रंग चढला, गवंड्याला आणि रंगाऱ्याला काम मिळाले. मिरवणुकीत राक्षस आणि प्लेगचा उंदीर यांचीही सोंगे होती आणि शेवटी त्यांचे दहन झाले. दंडाच्या भयाने जे झाले नसते, ते मिरवणूक आपल्या दारावरून जावी या हौसेने झाले.

आता गिरण्यांकडे वळू. सर सेठ हुकुमचंद यांनी अफू आणि कापसाच्या व्यापारात मिळविलेला पैसा गिरणीत घातला. हुकुमचंद मिल १९१५ ची. माळवा, राजकुमार, कल्याणमल अशा इतर गिरण्यांचे भोंगेही वाजू लागले आणि दूरदूरच्या प्रांतांतून आलेल्या मजुरांच्या वस्त्या वाढल्या. परदेशीपुरा हे नाव आजही त्याची साक्ष देते. मराठी राज्यकर्त्यांच्या शहरात गणपती होताच. १९२० नंतरच्या दशकात हुकुमचंद मिलने अनंत चतुर्दशीला झाँकी, म्हणजे सजविलेला देखावा, काढावयास सुरुवात केली आणि इतर गिरण्यांनी तिचे अनुकरण केले. वर्षभर साच्यावर राबणारा कामगार त्या रात्री साऱ्या शहराचा यजमान होई.

पुढे गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. हुकुमचंद मिलचे दरवाजे डिसेंबर १९९१ मध्ये लागले. कामगारांची हक्काची देणी मात्र चुकती झाली नाहीत. कोर्टकचेऱ्या झाल्या, मोर्चे झाले, आणि अखेर डिसेंबर २०२३ मध्ये सुमारे ४,८०० कामगारांच्या व त्यांच्या वारसांच्या देण्यापोटी २२४ कोटी रुपये वितरणासाठी देण्यात आले. मध्यंतरी बत्तीस वर्षे लोटली होती आणि अनेकांनी आपला हिशेब देवाघरीच मांडला होता.

दर्शनी हुंडी दाखविताच तिचे पैसे मोजण्यात ज्या शहराने भूषण मानले, त्या शहरात मजुराची हुंडी बत्तीस वर्षे परत फिरत राहिली. कारण उघड आहे. अकरा पंचांत त्याचा पंच नव्हता आणि पेढ्यांच्या सोयरिकीत त्याची सोयरीक नव्हती. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ साली कामगारांच्या प्रश्नावर जे पत्र प्रसृत केले, त्यात मजुरी हा केवळ दोन पक्षांतील सौदा नसून तिच्या बुडाशी न्यायाचे नाते आहे, असे प्रतिपादन केले होते. ते नाते आपल्या बाजाराने पुरते मानलेले नाही.

पण कामगारांनी स्वतः काय केले, हेही सांगितले पाहिजे. गिरणी बंद, पगार बंद. तरी झाँकी बंद पडली नाही. वर्गणी गोळा करून, पूर्वीपेक्षा थोड्या दिव्यांत का होईना, बंद गिरण्यांच्या नावाने ते देखावे निघत राहिले. मालकाने देणे चुकविले असता या माणसांनी शहराला दिलेला शब्द मोडला नाही. पत म्हणतात ती हीच.

लालबागच्या दरवाजांवर होळकरांचे राजचिन्ह आहे. यत्न करणाऱ्यालाच यश लाभते, असा त्यातील बोधवचनाचा आशय. ते खोटे नाही. मात्र यत्नाला यश लाभावयास त्याची किंमत ओळखणारा समाज भोवती असावा लागतो. अहिल्याबाईंनी देवीचंदाच्या विधवेचा शब्द ऐकून घेतला म्हणून इंदूरचा बाजार वाढला. पतीचे हे वर्तुळ पेढीवरून उतरून शेतापर्यंत आणि साच्यापर्यंत पोहोचविणे, हे त्या निवाड्यातले शिल्लक राहिलेले काम आहे आणि ते एकट्या इंदूरचे नाही.