समुद्रावर जाताय? आधी कपडे नीट निवडा

दिवाळीची सुट्टी लागली की गावागावांतून गाड्या गणपतीपुळे, आंजर्ले, तारकर्लीकडे निघतात. दर्शन झालं की बरेचजण अंगावरच्या कपड्यांनिशीच पाण्यात शिरतात. धोका इथेच आहे.

काय नको : साडी, ओढणी, जीन्स. भिजलेली साडी पायांत गुंडाळते, जीन्स पाणी पिऊन जड होते. लाट मागे ओढायला लागली की उभं राहणं कठीण.

काय घालावं : बायकांनी लेगिंग्जवर आखूड, अंगाबरोबरचा टी-शर्ट, पुरुषांनी नायलॉनची हाफ पॅन्ट. ही कापडं कमी पाणी धरतात, लवकर वाळतात.

मुलांचा रंग : निळे, पांढरे कपडे पाण्यात आणि फेसात दिसत नाहीत. मुलांना केशरी किंवा लाल घाला, म्हणजे लांबूनही नजरेत राहतात.

वाळूवर : पूर्ण बाह्यांचा सैल सुती शर्ट आणि टोपी. टोपीला नाडी हवी, नाहीतर वारा उडवतो.

पायात : मागे पट्टा असलेली रबरी सँडल. खडकांवरच्या कालवांच्या शिंपल्यांनी पाय कापतात. चामडी चप्पल खाऱ्या पाण्यानं खराब होते.

सोबत : एक जोड सुके कपडे आणि टॉवेल. दागिने घरीच ठेवा.

कपडे कसेही असोत, गुडघाभर पाण्याच्या पुढे जाऊ नका. पावसाळ्यात तर उतरूच नका. कोणी बुडत असेल तर मागोमाग उडी न मारता काठावरून दोर फेका, आरडाओरडा करून माणसं जमवा आणि ११२ ला फोन लावा.