उरणच्या उंबऱ्यावरील कुत्रा

घरात कुत्रा आणावयाचा ठरला म्हणजे आज पहिला प्रश्न निघतो तो त्याच्या जातीचा, आणि तो निघताच लॅब्राडोर, पामेरियन, अल्सेशियन अशी परदेशी नावे मुलांच्या तोंडी खेळू लागतात. परंतु उरणसारख्या किनाऱ्यावरील गावात, जेथे दोन पिढ्यांपूर्वीपर्यंत बहुतेक घरांच्या ओटीखाली एखादे कुत्रे हक्काने पडलेले असे, तेथे हा प्रश्न मुळी कोणी विचारीतच नसे. पिल्लू कोणाच्या कुत्रीचे, तिने ते कोठे वाढविले आणि ती राखणीला कशी होती, एवढीच चौकशी होई. ही जुनी चौकशी अडाणीपणाची होती असा समज अलीकडे रूढ झाला आहे. मला तो मान्य नाही. कुत्र्यांच्या जातींचा इतिहास जितका पाहावा तितके असे दिसते की, उरणच्या आगरी-कोळ्यांनी निवडीचे जे तत्त्व सहजबुद्धीने पाळले, तेच जगातील बहुतेक नामांकित जातींच्या मुळाशी होते.

मुंबई बंदराच्या पूर्व काठावर, पूर्वी करंजा बेट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भूभागावर उरण वसलेले आहे. एका अंगाला द्रोणागिरीचा डोंगर, दुसऱ्या अंगाला मोरा बंदर, आणि बेट व मुख्य भूमी यांच्यामध्ये पसरलेल्या खाड्या, खाजणे व मिठागरे, अशी ही भूमी शिलाहारांच्या राज्यात होती, पुढे पोर्तुगीजांच्या अंमलाखाली गेली, अठराव्या शतकाच्या चौथ्या दशकात मराठ्यांनी ती घेतली, आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी व घारापुरी यांच्याबरोबर ती इंग्रजांच्या पदरात कायमची पडली. राज्ये बदलली, दप्तरे बदलली, मिठावरील जकात घेणारे हात बदलले. रयतेचे तीन उद्योग मात्र तेच राहिले. खाडीचे पाणी बांध घालून अडवावे आणि खाऱ्या जमिनीत भात पिकवावे, मिठागरात मीठ पिकवावे, आणि समुद्रात जाळी टाकावी.

या तिन्ही उद्योगांत कुत्र्याला काम होते. मळणीच्या दिवसांत भाताची उडवी रचून झाली म्हणजे तिच्या पायथ्याशी रात्र काढणारा पहिला राखणदार कुत्रा असे. खाजणातील तिवरांच्या झाडीतून कोल्हे कोंबड्यांसाठी वस्तीपर्यंत येत, त्यांची चाहूल माणसाच्या आधी त्याला लागे. मिठाच्या राशी उघड्यावर असत तेव्हा बांधावरून येणारी अनोळखी पावले तोच ओळखी. कोळीवाड्यात वलांडीवर बोंबील वाळत घातले म्हणजे घारी-कावळ्यांवर आणि मांजरांवर नजर ठेवावी लागे, व ज्या कुत्र्याला मालकिणीने वाळत्या मासळीला तोंड न लावण्याची शिस्त पिल्लूपणीच लावलेली असे, त्याची कीर्ती आळीभर होई. पलीकडे चिरनेरच्या डोंगराळ अंगाला कातकरी आणि ठाकूर यांच्या वाड्यांवर कुत्रा हा शिकारीतला भागीदार होता. ससा उठविणे, साळिंदराचे बीळ हुंगून काढणे, रानडुकराचा माग धरणे ही कामे त्याच्याकडे असत. एकाच तालुक्यात दोन कोसांच्या अंतरावर कुत्र्याकडून असलेली अपेक्षा बदलत होती आणि तिच्याबरोबर निवडही बदलत होती. राखणीच्या घरी भुंकणारे पिल्लू हवे असे, तर शिकाऱ्याच्या घरी मुकाट माग काढणारे.

निवडीची रीतही पाहण्याजोगी आहे. पिल्ले डोळे उघडून हिंडूफिरू लागली म्हणजे घरातील जाणती बाई अथवा म्हातारा त्यांच्यापाशी जाऊन बसे. एकेक पिल्लू मानगुटीला धरून उचलावे. जे केकाटेल ते भित्रे, जे पाय आवरून गप्प लोंबेल ते धीराचे. मग ते उताणे करून त्याचे पंजे पाहावयाचे आणि नखे मोजावयाची. सामान्यतः कुत्र्याला पुढच्या प्रत्येक पायाला पाच आणि मागच्या प्रत्येक पायाला चार, अशी अठरा नखे असतात. मागील पायांना वरच्या बाजूस एकेक अधिक नख असलेले वीसनखी पिल्लू मिळाले तर ते भाग्याचे मानीत. ही समजूत महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून सर्वत्र आहे, आणि ती फार प्राचीन दिसते. सहाव्या शतकातील वराहमिहिराने बृहत्संहितेत श्वानलक्षणांसाठी स्वतंत्र अध्याय दिला असून, ज्याच्या तीन पायांना प्रत्येकी पाच व पुढील उजव्या पायाला सहा नखे असतात तो कुत्रा धन्याच्या घरी लक्ष्मी आणतो, असे त्यात सांगितले आहे. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने मानसोल्लासात राजाच्या विनोदांचे वर्णन करताना सारमेय-विनोद, म्हणजे श्वानांचा खेळ व शिकार, हा एक विषय केला. राजवाड्यातील पंडित आणि आगरातील म्हातारी एकाच लक्षणाकडे पाहत होती, ही गोष्ट मला विलक्षण वाटते.

नखांच्या संख्येचा शौर्याशी काही संबंध नाही, हे उघड आहे. तथापि या परीक्षेच्या निमित्ताने निवडणारा माणूस पिल्लांजवळ घटका-दोन घटका बसत असे, त्यांना हाताळीत असे, आणि त्यांची आई अनोळखी माणसाशी कशी वागते हे त्याला आपोआप दिसत असे. सगळ्या विधीतील खरा लाभ हाच होता. आजच्या खरेदीत नेमका तोच हरवला आहे.

कुत्र्याचे स्थान ठरविण्यात धर्माचाही वाटा होता. दत्तात्रेयाच्या पायाशी चार श्वान, भैरवाचे वाहन श्वान, खंडोबाच्या संगतीला श्वान, आणि भोजनापूर्वी काढावयाच्या बलींमध्ये श्वानाचा वाटा. इतका मान असूनही स्वयंपाकघरात त्याला मज्जाव होता, आणि त्याची हद्द उंबऱ्यापाशी संपत असे. साताऱ्याच्या शाहू छत्रपतींना शिकारीचा आणि कुत्र्यांचा मोठा षोक होता. त्यांच्या खंड्या नावाच्या कुत्र्याने वाघापासून त्यांचे प्राण वाचविले अशी आख्यायिका असून त्याची समाधी साताऱ्याजवळ संगम माहुली येथे आजही दाखवितात. परंतु अशी श्वानप्रीती दरबारी होती. रयतेचे कुत्रे अंगणात जगले आणि अंगणातच मेले.

खाडीपलीकडे मुंबईत कुत्र्याला घरात घेणारा समाज होता तो पारशांचा. एकोणिसाव्या शतकात उरण हे मोहाच्या दारूच्या भट्ट्यांसाठी प्रसिद्ध होते आणि त्या धंद्यात पारशी मंडळींचा हात मोठा होता, त्यामुळे त्यांच्या चालीरीती येथे अपरिचित नव्हत्या. मृताच्या अंतिम विधीत श्वानाची दृष्टी पडावी लागते ही त्यांची धर्माज्ञा, व त्यासाठी डोळ्यांच्या वर दोन ठिपके असलेला, म्हणून ‘चार डोळ्यांचा’ म्हटला जाणारा कुत्रा उत्तम मानला जातो. १८३२ च्या जून महिन्यात, मुंबईच्या पोलिसांनी मोकाट कुत्री मारण्याची मोहीम चालविली असता पारशी समाज रस्त्यावर उतरला आणि शहरातील दुकाने बंद पडली. कुत्र्यांसाठी झालेला हा दंगा मुंबईच्या इतिहासात नमूद आहे.

पोलिसांच्या त्या मोहिमेमागे जे भय होते तेही खरे होते. पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशाला औषध नव्हते; मांत्रिक, जडीबुटी आणि देवाची आण यांपलीकडे खेड्यातील माणसाच्या हाती काही नव्हते. पाश्चरने १८८५ साली पॅरिसमध्ये एका मुलावर लशीचा पहिला यशस्वी प्रयोग केला, हिंदुस्थानात कसौलीची पाश्चर संस्था १९०० साली निघाली, आणि तेथेच डेव्हिड सेंपल यांनी १९११ मध्ये तयार केलेली लस पुढे अनेक दशके देशभर वापरली गेली. पोटात घ्यावयाची ती चौदा इंजेक्शने आजच्या वृद्धांना अद्याप आठवतात. लेकराबाळांच्या घरात कुत्रा उंबऱ्याबाहेरच का ठेवीत, याचे निम्मे उत्तर शिवताशिवतीत शोधण्यापेक्षा या भयात शोधावे, असे मला वाटते.

आता परदेशी जातींकडे वळू. इंग्लंडमध्ये श्वानांचे पहिले नावाजलेले प्रदर्शन १८५९ साली न्यूकॅसल येथे भरले व केनेल क्लबची स्थापना १८७३ साली झाली. म्हणजे वंशावळ लिहून ठेवणे, उंची-रंगाची मोजमापे ठरविणे आणि त्याप्रमाणे बक्षिसे देणे हा सारा व्यवहार दीडशे-पावणेदोनशे वर्षांचाच आहे. त्या आधी जात घडत होती ती कामातून. लॅब्राडोरचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर कॉड मासे पकडणाऱ्या कोळ्यांचे साथीदार होते. बर्फासारख्या पाण्यात उडी घालून जाळ्याचे दोर ओढून आणणे आणि निसटलेला मासा धरून देणे हे त्यांचे काम, व त्या कामासाठीच त्यांच्या अंगावर दुहेरी केसांचे तेलकट आवरण आले. इंग्लंडच्या सरदारांनी ते शिकारीसाठी नेले आणि १९०३ मध्ये केनेल क्लबने त्या जातीला मान्यता दिली. करंजाच्या कोळ्याचा हा दूरचा व्यवसायबंधूच म्हणावा लागेल. डॉबरमान ही जात जर्मनीतील अपोल्डा गावच्या एका कर-वसुली कारकुनाने, वसुलीच्या फेरीत संरक्षण मिळावे म्हणून घडविली. अल्सेशियन हा मूळचा मेंढपाळाचा कुत्रा, आणि त्याच्या जातीची घडी फॉन स्टेफानिट्झ या लष्करी अधिकाऱ्याने १८९९ पासून बसविली. आपल्याकडेही तेच घडले. दख्खनच्या सपाट माळावर ससा आणि हरिण पळवून धरण्यासाठी लांब तोंडाचा, खोल छातीचा, सडपातळ कारवान कुत्रा तयार झाला. मुधोळचे संस्थानिक मालोजीराव घोरपडे यांनी त्याच्या पैदाशीकडे लक्ष दिले, बादशहा पंचम जॉर्ज यांना त्याची पिल्ले नजर केली, आणि मुधोळचे नाव त्या कुत्र्याला चिकटले. २००५ साली टपाल खात्याने त्याच्या चित्राचे तिकीट काढले, आणि पुढे लष्करानेही त्याला प्रशिक्षणासाठी घेतले. हा महाराष्ट्र-कर्नाटकाच्या सीमेवरचा कुत्रा थोर खरा, परंतु तो धावण्यासाठी जन्मलेला आहे. उरणच्या चिखलट खाजणात किंवा तिसऱ्या मजल्यावरील सदनिकेत त्याची धाव कोंडून ठेवणे हा त्याच्यावर अन्याय होय.

उरणमध्ये जातिवंत कुत्र्यांचा खरा प्रवेश झाला तो १९७० नंतर. नव्या मुंबईसाठी जमिनी संपादन झाल्या. १९७४ मध्ये मुंबई हायला तेल सापडले व त्यापाठोपाठ तेल आणि नैसर्गिक वायू आयोगाचा प्रकल्प उरणच्या किनाऱ्यावर उभा राहिला. १९८९ मध्ये न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले. देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतून आलेल्या नोकरदारांच्या वसाहती बसल्या, आणि ज्यांना राखावयाला उडवी नव्हती की वलांडी नव्हती अशा घरांत कुत्रा प्रथमच केवळ सोबतीसाठी आला. त्याच सुमारास भातशेती भरावाखाली गेली आणि मिठागरे आटली. राखणीचे काम संपले तसे गावठी कुत्र्याचे घरही संपले, आणि ओटीखालचा राखणदार ‘मोकाट’ म्हणून गणला जाऊ लागला. कुत्रा तोच होता. त्याचा मालकच जमिनीवरून उठला होता.

लॅब्राडोरची कीर्ती घरोघर पोहोचण्यास १९९३ चे साल कारण झाले. त्या वर्षीच्या मुंबईतील बॉम्बस्फोटांची स्फोटके याच रायगड किनाऱ्यावर, श्रीवर्धन तालुक्यातील शेखाडी येथे उतरविली गेली होती. आणि त्यानंतरच्या शोधात मुंबई पोलिसांच्या ‘जंजीर’ या लॅब्राडोरने तीन हजार किलोहून अधिक स्फोटके हुडकून काढली. २००० साली तो वारला तेव्हा पोलिसांनी त्याला सन्मानाने निरोप दिला. त्या पराक्रमामागे नाकाच्या जन्मजात गुणाइतकेच रोजचे शिक्षण आणि रोजचे काम होते, हे मात्र पिल्लू विकत घेणारे विसरले. काम नसलेला लॅब्राडोर आमच्या दमट हवेत लठ्ठ होतो, धापा टाकतो, त्याच्या दाट केसांखाली कातडीला खाज सुटते आणि पावसाळ्यात गोचिडांनी तो हैराण होतो. १२ जानेवारी २०२४ रोजी अटल सेतू आणि उरणची लोकल या दोन्हींचे उद्घाटन झाले, व द्रोणागिरी आणि उलवे येथील नव्या इमारतींत मुंबईची कुटुंबे येऊ लागली. त्यांच्याबरोबर आता सैबेरियाच्या हिमात गाड्या ओढणारा हस्कीही येथे आलेला दिसतो. मे महिन्यातील उरणच्या उकाड्यात त्या मुक्या जिवाचे हाल पाहवत नाहीत.

माझा निर्णय म्हणून सांगतो: उरणच्या कुटुंबाला योग्य कुत्रा उरणच्याच मातीतला. आखूड केस, मध्यम बांधा, बेताचा आहार, उन्हा-पावसाला सरावलेले अंग आणि माणसाच्या पिढ्यानपिढ्यांच्या सहवासाने आलेली समज, हे सर्व त्याच्याजवळ तयार आहे, आणि गल्लीतील एखाद्या कुत्रीच्या पिल्लांत ते विनामूल्य मिळते. ज्यांना नावाजलेली जातच हवी असेल त्यांनी त्या जातीचा मूळ व्यवसाय कोणता, तिची मूळ हवा कोणती, आणि आपल्या घरी त्या व्यवसायाच्या जागी दररोज किती चालणे, किती खेळ व किती सहवास देता येईल, याची कैफियत आधी स्वतःपाशी मांडावी. पिल्लू कोठूनही आणा, पण त्याची आई पाहिल्याशिवाय आणू नका. दोन महिन्यांच्या आत आईपासून तोडू नका. तीन महिन्यांचे होताच रेबीजची लस टोचून घ्या व ती दरवर्षी चुकवू नका. आणि एकदा घेतलेले कुत्रे म्हातारे झाले म्हणून करंजाच्या रस्त्यावर सोडून देऊ नका.