बोर्डावरची बाई : प्रस्तावना

तमाशातल्या कलावंतिणीचा अभ्यास करायचा म्हटला की बहुतेक जण लावण्या गोळा करायला लागतात. लावण्या जमवाव्यात, त्याला कोण नाही म्हणतो! पण बाईची कारकीर्द त्यांतून हाती लागत नाही. उचल कोणाकडून घेतली, सुपारी कितीची ठरली, पावसाळ्यात फड बंद असताना घर कशावर चालले, हे आधी विचारावे लागते. या विषयात नव्याने येणाऱ्यांचे स्वागत करताना मला मुख्यतः एवढेच सांगायचे आहे.

विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर (१९३५–२००२) यांचे नाव निघाले की एक हकिगत हमखास सांगितली जाते. खेळ चालू असताना त्या आत जाऊन बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर आल्या. हकिगत अंगावर काटा आणते खरी, पण तिच्यापुढे विठाबाईंचे बाकीचे आयुष्य झाकोळून गेले आहे. वडील भाऊ आणि चुलते बापू यांच्या फडातली तालीम, पुढे स्वतःचा फड, १९५७ आणि १९९०चे राष्ट्रपती पुरस्कार, आणि एवढे होऊनही अखेरची हलाखी. त्या रात्री खेळ थांबवणे त्यांना का परवडले नाही, हा अभ्यासकाचा प्रश्न. नुसते ‘केवढी ही कलानिष्ठा!’ म्हणून गहिवरणे सोपे आहे.

त्यांच्याशेजारी सुलोचना चव्हाण (१९३३–२०२२) यांना ठेवून पाहा. अंगभर पदर घेऊन, माईकसमोर एका जागी उभ्या राहून त्या लावणी गायल्या. आचार्य अत्र्यांनी त्यांना ‘लावणीसम्राज्ञी’ म्हटले, २०२२मध्ये पद्मश्री मिळाली. रेडिओ आणि रेकॉर्डवरून त्यांचा आवाज पांढरपेशा घरांत गेला. फडावर नाचणाऱ्या बाईला मात्र त्या घरांचा उंबरठा ओलांडता आला नाही. हा फरक गळ्याचा नव्हे. त्यात जात आहे, नाचणारे शरीर आहे आणि पैसे मोजणारा प्रेक्षकही आहे. इतिहासकार शैलजा पाईक यांच्या संशोधनात जात मध्यभागी येते ती याच कारणाने, आणि ते मला पटते.

आमच्या उमरखेडहून हा विषय आणखी वेगळा दिसतो. स्वातंत्र्यानंतर बाळासाहेब खेरांच्या सरकारने तमाशावर बंदी घातली, मग दत्तो वामन पोतदारांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पण ते सरकार मुंबईचे. उमरखेड तेव्हा मध्य प्रांत-वऱ्हाडात होते आणि पैनगंगेपलीकडे हैदराबाद संस्थान. तिन्हीकडचे मराठी मुलूख १९५६मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात एकत्र आले. त्यामुळे तमाशाचा इतिहास पुणे-साताऱ्याच्या कागदांवर बेतून तो सगळ्या महाराष्ट्राचा म्हणून सांगता येणार नाही.

करमणूक करणाऱ्यावर सरकारची नजर असणे ही काही फक्त इकडचीच गोष्ट नाही. बर्लिनमध्ये एर्न्स्ट फॉन वोल्त्सोगेन यांनी १९०१मध्ये जर्मनीतले पहिले कॅबरे काढले. गेल्सनकिर्खेनमध्ये जन्मलेली क्लेअर वाल्डॉफ (१८८४–१९५७) पुढे बर्लिनला आली आणि तिथल्याच ठसकेबाज बोलीत गाऊन बर्लिनकरांची लाडकी झाली. १९३३मध्ये नाझी सत्तेवर आले आणि मोकळेपणाने टिंगल करणारे ते कॅबरे संपले. आपल्या सोंगाड्याची बतावणी आणि तिकडची ती टिंगल शेजारी ठेवून वाचली, तर सत्तेला नेमके काय झोंबते ते चांगले कळते.

नव्या अभ्यासकाला सुरुवात करायला लांब जायला नको. नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत लावणी महोत्सव भरतो, तिथे जा. नारायणगावात गुढीपाडव्याच्या सुमारास राहुट्या लागतात, गावोगावच्या यात्रा कमिट्या सुपारी द्यायला येतात. तो व्यवहार जवळ बसून पाहा. ढोलकीफड आणि संगीतबारी या तमाशाच्या दोन प्रकारांतला फरक पुस्तकापेक्षा तिथे लवकर कळेल. आणि एक विनंती : जुनी हँडबिले, सुपारीच्या चिठ्ठ्या, यात्रा कमिट्यांच्या जमाखर्चाच्या वह्या कोणाच्या माळ्यावर असतील तर रद्दीत जाण्याआधी मागून घ्या, नक्कल करा आणि मूळ कागद ज्याचा त्याला परत द्या.