वेखंडाचा वास आणि बाळाची बुद्धी

वैरागच्या बाजारातून आणलेले वेखंड आजीबाई सहाणेवर उगाळीत आणि बाळाला चाटवीत. वाचा लवकर फुटावी, बुद्धी तल्लख व्हावी म्हणून! संस्कृतात त्याचे नावच 'वचा'. चरकसंहितेतही ते आहे. त्याचा उग्र दर्प मुळातल्या तेलाचा. त्या तेलातील असारोन मेंदूच्या पेशींना जपते, असे उंदरांवरील प्रयोगांत दिसले. माणसांत ते सिद्ध झालेले नाही. उलट त्याच्याच बीटा प्रकाराने उंदरांत कर्करोग झाला, म्हणून अमेरिकेने १९६८ साली खाद्यपदार्थांत वेखंड वापरण्यास बंदी घातली. आपल्याकडील वेखंडात हाच प्रकार पुष्कळ असतो. तेव्हा गुरुजींनो, गावातल्या आयाबहिणींना एवढे जरूर सांगा: वेखंड कपड्यांत ठेवा, कसर लागणार नाही, बाळाच्या पोटात मात्र नको.