वेम्बलीचा अर्धवट मनोरा

वाढत्या शहरानं उंच मनोरा बांधावा का? हा वाद निघाला की सगळे आयफेल टॉवरचं उदाहरण देतात. मला मात्र लंडनजवळच्या वेम्बलीचा मनोरा आठवतो.

१८८९मध्ये आयफेल टॉवर खुला झाला आणि रेल्वे कंपनीचे अध्यक्ष एडवर्ड वॉटकिन यांनी त्याहून उंच मनोरा बांधायचं ठरवलं. त्यांनी खुद्द आयफेल यांनाच विचारलं, पण त्यांनी नकार दिला. मग स्पर्धा घेतली, ६८ आराखडे आले. १८९६मध्ये पहिला टप्पा खुला झाला. उंची जेमतेम ४७ मीटर! पुढे पाया खचू लागला, पैसा आटला. १९०७मध्ये सांगाडा सुरुंगानं पाडला.

पण वॉटकिन यांनी सोबत बाग आणि रेल्वे स्टेशनही उभारलं होतं. मनोरा फसला तरी लोक तिथं येत राहिले. १९२३मध्ये त्याच जागी वेम्बली स्टेडियम उभं राहिलं.

मी सॉफ्टवेअर लिहितो. आमच्या डेमोत स्क्रीनचं कौतुक होतं, भार मात्र सर्व्हर उचलतो. म्हणून मनोऱ्याच्या प्रत्येक प्रस्तावाला माझा एकच प्रश्न असतो: हा फसला, तर शहराच्या हाती काय उरेल? वेम्बलीच्या हाती स्टेशन उरलं. मॅचच्या दिवशी आजही गर्दी तिथंच उतरते.