विधी विषयातील पीएच.डी.

कायद्याच्या एखाद्या प्रश्नावर स्वतंत्र संशोधन करून मिळवायची ही पदवी. बहुतेक जण एलएल.एम.नंतर तिच्याकडे वळतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या विनियमांनुसार पदव्युत्तर परीक्षेत किमान ५५ टक्के गुण लागतात (राखीव गटांना सवलत). प्रवेशानंतर किमान १२ श्रेयांकांचा अभ्यासक्रम पुरा करावा लागतो. साधारण मुदत ३ ते ६ वर्षांची. मार्गदर्शकाखेरीज किमान दोन बाहेरचे परीक्षक प्रबंध तपासतात आणि शेवटी तोंडी परीक्षा होते. शोधनिबंध छापून आणण्याची देशपातळीवरील सक्ती याच विनियमांनी उठवली. ते योग्यच झाले, पण त्यामुळे सगळा भार प्रबंधावर आला आहे.

आपल्याकडचा रूढ प्रबंध कलमे आणि निवाडे वाचून लिहिला जातो, आणि अखेरच्या ‘निष्कर्ष व शिफारशी’ या प्रकरणात कायदा बदला असे सांगतो. त्या शिफारशीला मात्र निवाड्यांचा आधार पुरत नाही. वरिष्ठ न्यायालयांचे निवाडे कायद्याचा अर्थ सांगतात. खालच्या न्यायालयात तो कसा राबतो, हे त्यांतून क्वचितच कळते. धनादेश न वटल्याचा खटला घ्या. परक्राम्य संलेख अधिनियमाचे कलम १४३ म्हणते की तक्रारीपासून सहा महिन्यांत खटला संपवण्याचा प्रयत्न व्हावा. तो लांबला तर का लांबला, याचे उत्तर रोजनाम्यात असते: समन्स बजावून आले का, आरोपी हजर होता का, तारीख कोणी मागितली. विलंब समन्सच्या बजावणीत असेल, तर उलटतपासणीला वेळेची मर्यादा घालण्याची शिफारस निरुपयोगी ठरते.

संहितेचे वाचन हेच विधी अभ्यासकाचे खरे काम, बाकीचे समाजशास्त्रज्ञांनी करावे, असा आक्षेप येतो. त्यात तथ्य आहे. पां. वा. काणे यांचा धर्मशास्त्राचा पाच खंडांतील इतिहास (१९३०–१९६२) ग्रंथवाचनाची ताकद दाखवतो. पण काणे यांचे प्रश्न ग्रंथांच्या काळाविषयी आणि त्यांतील विचारांच्या वाटचालीविषयी होते, म्हणून पुरावाही ग्रंथांतच होता. कायद्याच्या परिणामाविषयी विचारणाऱ्याला ती सोय नाही. वकिली सांभाळून एवढे जमणार कसे, हा दुसरा आक्षेप अधिक खरा आहे. मात्र विनियमांनी अर्धवेळ पीएच.डी.ला वाट ठेवली आहे, आणि ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर खटल्यांच्या तारखा व टप्पे सर्वांना पाहता येतात. एका तालुका न्यायालयापुरता, एकाच कलमाचा प्रश्न आखला, तर वकिलालाही ते काम आवाक्यात येते.